एप्रिलचा माळ

१९९७ च्या जूनमध्ये मी माण तालुक्यातल्या एका माळाभोवती काळ्या शाईने रेघ ओढली आणि आत एक आकडा लिहिला. काचेच्या लाइट टेबलवर उपग्रहाची प्रतिमा, तिच्यावर पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म आणि हातात बारीक टोकाचा पेन. रेघ पुरी करायला चार-पाच मिनिटं लागली असतील. त्या आकड्याचा अर्थ होता ‘झुडपी पडीक जमीन’. संध्याकाळपर्यंत असे साठ-सत्तर आकडे लिहून झाले, फिल्म गुंडाळून नळकांड्यात ठेवली आणि मी घरी गेले. लक्षात राहावं असं त्या रेघेत काही नव्हतं. चौदा वर्षांनी भर पावसाळ्यात त्याच माळावर उभी राहिले तेव्हा ती आठवली, आणि तेव्हापासून तिने माझी पाठ सोडलेली नाही.

मी मूळची भूशास्त्राची. १९७२ च्या दुष्काळात दहा वर्षांची होते. आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि आम्हा पोरांच्या हातावर सुकडी पडे. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला होता. हे मला कळलं ते सोळा-सतरा वर्षांनी, नोकरीतल्या प्रशिक्षणात. गावातली माणसं ढगासाठी वर बघत होती, नेमकं तेव्हाच वरून कुणीतरी जमिनीकडे बघायला लागलं होतं, हे ऐकून मी त्या वर्गात थोडा वेळ सुन्न बसले होते. त्याच वर्गात शास्त्रज्ञ पिशारोटींची गोष्ट ऐकली. १९७० च्या सुमारास केरळात नारळाच्या झाडांना मुळांचा रोग लागला होता, तेव्हा पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांचे फोटो घेतले आणि आजारी झाडं वरून ओळखून दाखवली. आपल्याकडच्या दूरसंवेदनाची सुरुवात अशी शेतकऱ्याच्या बागेतून झाली, याचा मला फार आधार वाटला. हे काम आपल्या माणसांसाठी आहे, असं तेव्हा मनात बसलं ते बसलंच.

आमच्या कामात हिरवं ते लाल दिसतं. नव्या माणसाला हे पचायला आठवडा लागतो. जिवंत पान सूर्यप्रकाशातला लाल भाग शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त भाग परत फेकतं. उपग्रह तो टिपतो आणि प्रतिमा तयार करताना त्याला लाल रंग दिला जातो. म्हणून नीरेच्या कालव्याकाठचा ऊस कुंकवासारखा भडक दिसतो, ओढ्याकाठच्या बाभळी लाल दोरा टाकल्यासारख्या दिसतात. खोल स्वच्छ पाणी काळंभोर, गढूळ पाणी आकाशी, आणि उघडा मुरूम राखी, जरा निळसर-हिरवट. पण रंगावर विसंबून चालत नाही. पोत बघायचा, आकार बघायचा, सावली बघायची, आणि सगळ्यात आधी शेजार बघायचा. एप्रिलमधला तोच लाल ठिपका कालव्यालगत असेल तर ऊस, डोंगराच्या घळीत असेल तर झाडी, आणि तळ्याच्या आटलेल्या पोटात असेल तर कुणीतरी केलेली गाळपेर. माझे पहिले साहेब सांगायचे की ठिपक्याला नाव देण्याआधी त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची चौकशी कर. ते मी शिकले. ठिपक्याला महिना विचारायचा असतो हे मात्र मला कुणी सांगितलं नाही, आणि माझंही मला सुचलं नाही.

गावात गेल्यावर लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘वरून आमचं रान दिसतं का?’ मी त्याचं उत्तर गुंठ्यात द्यायला शिकले. आपला पहिला आयआरएस-१ए उपग्रह १७ मार्च १९८८ ला बैकोनूरहून गेला. त्याच्या लिस-१ कॅमेऱ्याचा एक ठिपका साडेबहात्तर मीटरचा, म्हणजे सव्वा एकराहून थोडा मोठा. एवढ्या रानाचा मिळून एकच रंग. बांधावरचा आंबा, विहीर, गोठा, सगळं त्या रंगात विरघळलेलं. डिसेंबर १९९५ मध्ये आयआरएस-१सी गेला, त्याच्या लिस-३ चा ठिपका साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठे. आम्हाला तर तेव्हा डोळ्यांवरची साय काढल्यासारखं वाटलं होतं. आता युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका दहा मीटरचा आहे, म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा. सातबारावर गुंठ्यांनी भांडणाऱ्या माणसाला हा हिशेब एका वाक्यात कळतो.

नकाशाची चाळणी मात्र ठिपक्याहून जाड असते. एकास पन्नास हजार या प्रमाणात तीन मिलिमीटर बाय तीन मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा दाखवायचा नाही, असा आमचा नियम होता. जमिनीवर त्याचे सव्वादोन हेक्टर होतात, म्हणजे साडेपाच एकर. त्याहून लहान असलेलं सगळं शेजारच्या मोठ्या तुकड्यात मिळवायचं. देवाच्या नावाने राखलेलं दोन एकरांचं बन, गावतळं, खळवाडी यातलं काहीच त्या नकाशात नसतं.

तर तो माळ. टोपोशीट ४७ के मधला, शिंगणापूरच्या डोंगररांगेच्या पायथ्यापासून पूर्वेकडे पसरत गेलेला. आमच्या प्रकल्पाला प्रत्येक शीटमागे दोनच तारखांच्या प्रतिमा परवडत. एक फेब्रुवारीतली, रब्बीची, आणि एक एप्रिलमधली. पावसाळ्यातली प्रतिमा मागवायचीच नाही असा अलिखित रिवाज होता. त्यात चूक कुणाची नव्हती. लिस-३ सारखा कॅमेरा ढगाच्या आरपार बघू शकत नाही, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ मोकळं मिळणं नशिबाची गोष्ट. उपग्रह चोवीस दिवसांनी त्याच वाटेवर येणार, त्या दिवशी ढग असला की पुन्हा चोवीस दिवस थांबा. ढगाच्या फोटोचे पैसे कोण देणार?

फेब्रुवारीच्या प्रतिमेत तो माळ राखी होता. एप्रिलच्या प्रतिमेत आणखी फिका, काही ठिकाणी जवळजवळ पांढरा. मधूनमधून तरवडाची, बोरीची थोडी गुलाबी शिंपण. मे महिन्यात आम्ही पडताळणीला गेलो. ग्राउंड ट्रुथ म्हणतात त्याला आमच्यात, म्हणजे प्रतिमेत जे दिसलं ते जमिनीवर आहे का हे जाऊन बघायचं. जीप, शीट, होकायंत्र आणि छापील फॉर्मचा गठ्ठा. जीपीएस होतं, पण २००० सालच्या मेपर्यंत अमेरिका त्याच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे ते शंभर मीटर इकडेतिकडे दाखवायचं. आम्ही आपले ओढा, मंदिर, त्रिकोणमिती खांब धरून जागा काढायचो. दुपारी साडेबारा-एकची वेळ होती. माळावर चिटपाखरू नव्हतं. मुळापर्यंत खाल्लेले गवताचे खुंट, मुरूम, अधूनमधून काळा दगड. मी फॉर्म भरला. मातीची खोली, उतार, झाडोरा, धूप. वाळलेल्या लेंड्या पायाखाली चुरत होत्या, हे मला अजून आठवतं. एका जागी तीन दगडांची चूल होती, तिची राखही उडून गेलेली. फॉर्मवर लेंड्यांसाठी रकाना नव्हता, चुलीसाठीही नव्हता. विचारायला माणूस दिसला नाही, म्हणून ‘स्थानिकांशी चर्चा’ या ओळीवर मी आडवी रेघ मारली.

मग ऑफिसात येऊन ती रेघ ओढली आणि तो आकडा लिहिला.

‘पडीक’ हा शब्द आम्ही घडवला नव्हता. इंग्रजी अमदानीत १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची नवी मोजणी आणि प्रतवारी सुरू केली, ती पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. इंदापूर म्हणजे माणदेशाच्या शेजारचंच. जमिनीकडे बघायचं ते साऱ्यासाठी, त्यामुळे जिथून सारा निघत नाही ती जमीन हिशेबाच्या बाहेर. आजही आपल्या सातबारावर ‘पोटखराबा’ हा रकाना आहेच. खराबा! ज्या माळावर शेकडो वर्षं मेंढरं जगली त्याला कागदाने दिलेलं हे नाव आहे. आमच्या नकाशाच्या सूचीत पिकाला जागा होती, जंगलाला जागा होती, पाण्याला, वस्तीला होती. यांतलं काहीच नसलेलं बहुतेक सगळं पडीकच्या कुठल्या ना कुठल्या पोटप्रकारात जायचं. उपग्रह नवा होता, आमचे डोळे मात्र शंकुसाखळीने जमीन मोजणाऱ्यांचेच होते.

हे लिहिताना मला माझ्या सगळ्या कामावर पाणी ओतायचं नाही. बेसॉल्टच्या प्रदेशात प्रतिमेवरची एखादी सरळ रेघ म्हणजे खडकातली भेग असू शकते, आणि तशा भेगांच्या आधाराने सुचवलेल्या जागी विहिरीला पाणी लागलेलं मी पाहिलं आहे. एका गावात बायकांनी माझी खणानारळाने ओटी भरली होती. तो खण अजून माझ्या कपाटात आहे. पाणलोटाच्या कामांनी कितीतरी गावं सावरली, तीही मी पाहिली आहेत. पण ती गोष्ट सांगणारे पुष्कळ आहेत. माळाची सांगणारं कुणी भेटत नाही.

२०११ च्या सप्टेंबरात मी दुसऱ्याच कामासाठी त्या भागात गेले. विहिरींची पातळी मोजायची होती. अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झाला असेल, उत्तरा नक्षत्र लागलं होतं. माणदेशाला पाऊस मिळतो पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि त्यातला मोठा हिस्सा उत्तरा आणि हस्ताचा. त्या दिवशी सकाळी सर येऊन गेली होती. गाडी एका चढावर आली, ड्रायव्हरने रस्ता विचारण्यासाठी थांबवली, आणि मी खाली उतरले तर समोर गुडघाभर गवत वाऱ्यावर लोळत होतं. डावीकडच्या डोंगराची कड मला ओळखीची वाटली. बॅगेतली शीट काढून बघितली. तोच माळ होता.

अर्ध्या माळावर गवत होतं. उरलेल्या अर्ध्यावर सलग समतल चर होते, दोन फूट रुंदीचे, एकाखाली एक, बांधकामाच्या रेघा माराव्यात तसे डोंगरापर्यंत गेलेले. चरातून काढलेला मुरूम खालच्या अंगाला टाकलेला आणि त्यावर ग्लिरिसिडियाची रोपं. तारेचं कुंपण, आणि कुंपणाला टांगलेल्या पत्र्यावर चराईबंदीची सूचना. काही चरांत वेड्या बाभळीने जोर धरला होता.

कुंपणाच्या अलीकडे एक म्हातारीशी बाई घोंगड्याची खोळ घेऊन उभी होती, तिच्या भोवती वीस-पंचवीस कोकरं. मोठी मेंढरं लांब ओढ्याच्या बाजूला दिसत होती. मी मावशी म्हणून बोलायला सुरुवात केली. पाणी कसं आहे, विहिरी कशा आहेत, असं इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, हे चर कधी खणले? ती म्हणाली, आठ-नऊ सालं झाली. ‘आमी कोकनातनं माघारी आलो तर ह्ये खंदलेलं. माळ पडीक हाय म्हनं. कागूद आला व्हता वरनं.’

मी थोडा वेळ काही बोलले नाही. मग सांगितलं की तो कागद माझ्या हातचा असावा. तिला पटेना, म्हणून मी शीट उघडून दाखवली, उपग्रहाचं सांगितलं, रंगांचं सांगितलं, मे महिन्यात येऊन गेले होते तेही सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. रागावली नाही. फक्त म्हणाली, ‘बाई, चैत-वैशाखात माळ बघायला आलात व्हय? तवा आमीबी न्हाई आन् गवातबी न्हाई.’

मग तिने चिखलात काठीने दाखवत मला त्या माळाचं वर्ष सांगितलं. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांसकट बिऱ्हाडांचा तांडा, निघतो. घोड्यांवर बिऱ्हाड लादायचं, घाट उतरायचा, आणि कोकणात भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढरं बसवायची. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो, पैसे देतो. वळीव पडायला लागला, मृग जवळ आला की माघारी. कोकणातला पाऊस मेंढीला सोसत नाही, खूर कुजतात. म्हणून जूनपासून दिवाळीपर्यंत हा माळ. आधी कोवळी मारवेल, मग पवन्या, आणि कुसळी तिला कुसळं धरायच्या आत संपवायची. कुठला कोपरा आधी चारायचा, कुठला मागे ठेवायचा, हे ठरलेलं. निघताना माळ पार खाऊन साफ केलेला असतो. ‘तुमी बघितला तो आमचा उष्टा माळ,’ ती म्हणाली.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी मी वहीत बारा महिन्यांचा तक्ता काढला. एका ओळीत गवत, दुसऱ्या ओळीत वाडा, तिसऱ्या ओळीत आभाळ, चौथ्या ओळीत आमच्या प्रतिमा. जून ते ऑक्टोबर गवत आहे, मेंढरं आहेत, आणि आभाळात ढग आहेत. नोव्हेंबरपासून आभाळ मोकळं, आणि माळ रिकामा. आमच्या दोन्ही प्रतिमा रिकाम्या महिन्यांतल्या, आमची पडताळणीही रिकाम्या महिन्यातली. माळ भरलेला असतो तेव्हा उपग्रह आंधळा असतो आणि उपग्रहाला दिसायला लागतं तेव्हा माळावर काही उरलेलं नसतं. इतकी साधी गोष्ट मला बावीस वर्षांच्या नोकरीत दिसली नव्हती. त्या तक्त्याकडे बघत मी बराच वेळ बसले होते.

परत आल्यावर जुन्या प्रतिमा शोधायला लागले. २००८ मध्ये अमेरिकेने लँडसॅटचा सगळा साठा फुकट खुला केला होता. माझ्या कामाच्या वेळेबाहेर, रोज रात्री एकेक सीन उतरवून घ्यायचा. बहुतेकांत ढगच ढग. जिथे फट मिळाली तिथे माळ ढगाच्या सावलीत. मग नव्वदच्या दशकातला एक ऑक्टोबर सापडला, नुकती उघडीप झालेला, आभाळ धुतल्यासारखं. त्यात तो माळ गुलाबी होता. उसाचा भडकपणा नाही, एक मऊ, सलग, कडेला विरत गेलेला गुलाबी, ज्याला पोत म्हणावा तर मखमलीचा. माझ्या रेघेच्या आत तो अगदी चपखल बसत होता. तुकडा बरोबर ओढला होता मी. नाव चुकलं होतं.

त्याहून वाईट गोष्ट पुढे कळली. चर खणल्यानंतर काही वर्षांनी त्या कामाचं मूल्यमापन झालं होतं, तेही उपग्रहानेच. दोन एप्रिलच्या प्रतिमा घ्यायच्या, आधीची आणि नंतरची, आणि प्रत्येक ठिकाणी हिरवाईचा निर्देशांक काढून वजाबाकी करायची. अवरक्तातून लाल वजा, भागिले दोघांची बेरीज, असं ते सोपं गणित आहे, एनडीव्हीआय म्हणतात त्याला. एप्रिलमध्ये गवत आधीही नव्हतं आणि नंतरही नव्हतं. पण वेडी बाभूळ भर उन्हाळ्यात हिरवी राहते. त्यामुळे जिथे गवत मोडून वेडी बाभूळ माजली होती तिथे नकाशाने ‘सुधारणा’ दाखवली. गणितात एका आकड्याचीही चूक नव्हती.

मी टिपण लिहिलं. दोन्ही प्रतिमा जोडल्या, तक्ता जोडला. सूचीत पावसाळी चराऊ माळासाठी स्वतंत्र वर्ग करावा अशी विनंती केली. उत्तर यायला सात महिने लागले. सूची सगळ्या राज्यांसाठी एकच असते, एका ठिकाणी वर्ग वाढवला तर देशाची बेरीज जुळत नाही, त्यामुळे सध्या बदल शक्य नाही, असं कळवण्यात आलं. यातलं बेरजेचं म्हणणं खोटं नाही, मीही ते वर्षानुवर्षं इतरांना सांगत आले होते. पण बेरीज जुळावी म्हणून ज्या माणसांचं रान वजा होतं त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मला ते तेव्हाही जमलं नाही, आताही जमणार नाही.

एक गोष्ट हातात होती. संगणकावरच्या नकाशात प्रत्येक तुकड्यामागे माहितीचा तक्ता असतो आणि त्यात शेऱ्याचा एक रकाना असतो, बहुतेक वेळा रिकामा. माझ्याकडे जेवढ्या शीट होत्या तेवढ्यांत मी तो भरायला घेतला. ‘जून ते ऑक्टोबर गवत. मेंढरांची चराई. प्रतिमा एप्रिलची.’ कागदी नकाशाच्या तळाशी प्रतिमेची तारीख छापलेली असायची, पण कागदावरून संगणकावर येताना आकडा आला आणि तारीख गळाली, असं कितीतरी नकाशांचं झालं होतं. ती पुन्हा चिकटवायची. हाताखालच्या मुलामुलींना मी सांगायला लागले की माळ असला तर एकदा दसऱ्याच्या सुमाराला जाऊन या, आणि फॉर्मवर लेंड्या लिहा.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी मी मुद्दाम मावशींकडे गेले. वाडा निघायच्या तयारीत होता. त्यांनी कुसळीचं एक पिकलेलं कुसळ तोडून माझ्या तळहातावर ठेवलं, त्यावर थुंकीचं बोट लावलं आणि म्हणाल्या, बघा आता. ते काळपट, पिळाचं कुसळ हातावर हळूहळू फिरायला लागलं, स्वतःभोवती, घड्याळाच्या काट्यासारखं. ओल लागली की पीळ उलगडतो आणि खालचं टोकदार बी भोक पाडत आत जातं. मातीत गेलं तर उगवतं, लोकरीत गेलं तर मेंढीच्या कातड्यात घुसतं. ‘म्हनून ह्याच्या आदी चारायचं. एक पंधरवडा चुकला की मेंढरू वाया.’ इतक्या बारीक वेळापत्रकावर जो माळ वापरला जातो त्याला मी पडीक म्हटलं होतं. ते कुसळ मी वहीच्या पानात ठेवलं. पान उघडलं की अजून कागदाला टोचतं.

गेल्या काही वर्षांत वारं थोडं बदललं आहे. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी देशातल्या निमशुष्क भागातल्या अशा मोकळ्या नैसर्गिक प्रदेशांचा नकाशा उपग्रहाच्या माहितीवरूनच केला, आणि ते भारताच्या भूमीच्या सुमारे १० टक्के भरतात असं दाखवलं. मी तो नकाशा पहिल्यांदा उघडला तेव्हा आधी माणदेशावर गेले. माळढोकाच्या नावातच माळ आहे, तणमोराच्या नावात तण आहे. आपल्या भाषेला हे प्रदेश कधीच रिकामे वाटले नव्हते. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल, सगळ्यांचं घर झाडांशिवायचं आहे. झाड लावलं की भलंच होतं, ही आपली समजूत माळावर उलटी पडते, आणि हे मोठमोठ्या सभांत बोलायला माणसं अजून कचरतात.

साधनंही बदलली. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी माळावरून जातात, त्यामुळे पावसाळ्यातही एखाद-दुसरी फट सापडते. सेंटिनेल-१ चं रडार ढगाआडूनही बघतं, पण गवत आणि ओला दगड यांत त्याचीही गफलत होते, त्याला फार भरवशाचा साक्षीदार मी मानत नाही. एका वर्षाच्या सगळ्या तारखा ओळीने लावल्या की प्रत्येक जमिनीची चाल दिसते. ऊस वर्षभर वर, ज्वारी थंडीत वर, वेडी बाभूळ बारा महिने एकसारखी, आणि माळ मृगानंतर हळू चढतो, हस्तात शिगेला जातो, दिवाळीनंतर महिन्याभरात खाली येतो. मावशींनी चिखलात काठीने दाखवला होता तोच आलेख.

मी २०२० मध्ये निवृत्त झाले. मावशी आता वाड्याबरोबर जात नाहीत, गुडघे गेले. त्यांचा मुलगा जातो. त्याच्याकडे फोन आहे आणि माझा नंबर आहे. ऑक्टोबरात त्याचा फोन येतो, पाऊस कसा झाला, गवत किती आहे, किती मेंढरं झाली. गेल्या खेपेला तो बोलत असतानाच मी लॅपटॉपवर दोनच दिवसांपूर्वीची प्रतिमा उघडली होती. कुंपणाच्या आतले चर आता जवळजवळ बुजले आहेत, बारीक रेघा तेवढ्या उरल्या आहेत, आणि त्यांच्यामधून गुलाबी पुन्हा वर सरकताना दिसतो. पत्रा कधीच पडला, तार कुणीतरी नेली, असं तो म्हणाला. मेंढरं आत जातात आता, पण भीतभीत.

एका गुंठ्याच्या ठिपक्यात मेंढरं दिसत नाहीत. मी त्याला विचारलं, वाडा आत्ता कुठे बसलाय?

‘वढ्याच्या अल्याड, त्या जुन्या बोरीपाशी. पल्याड अजून दोन दिसांनी जानार.’

मी प्रतिमेवर ओढा शोधला, बोर शोधली, तिथे एक टिंब ठेवलं आणि शेजारी तारीख लिहिली.